बघण्याचे पैसे

नवरा गेला आणि गॅरेज वहिनीच्या गळ्यात पडलं. सोबत धाकटे दीरही पडले, आणि सांभाळायला ते गॅरेजपेक्षा अवघड होते. गाडीतलं त्यांना सगळं कळायचं, पण गिऱ्हाइकाकडे पैसे मागायची वेळ आली की भाऊजी खाली मान घालून पाना पुसत बसायचे. इतकी वर्षं मागायला थोरला भाऊ होता, म्हणून ते खपून गेलं.

काउंटरवर बसायला लागल्यावर वहिनीने दुखणं लवकरच ओळखलं. लोक गाडी घेऊन यायचे आणि "जरा बघता का?" म्हणायचे. भाऊजी लगेच बॉनेट उघडायचे, गाडी खड्ड्यावर घेऊन खाली उतरायचे आणि तासाभराने वर येऊन सांगायचे, "काही नाही, बिनघोर न्या." गिऱ्हाईक खूश, भाऊजी खूश आणि गल्ला उपाशी. शेजारच्या टायरवाल्याचा जागेवर कधीपासून डोळा होता. महिनाअखेरीला कळवते, असं वहिनीने त्याला सांगितलं होतं. गल्ला उघडला की काय कळवावं लागणार, हे तिला दिसतच होतं.

मग तिने भिंतीवर पाटी लावली. गाडी बघण्याचे पैसे पडतील, काम निघो वा न निघो. पाटी वाचून भाऊजींनी एरंडेल प्यायल्यासारखं तोंड केलं.

"काही केलंच नाही, त्याचे कसले पैसे, वहिनी? लोक तोंडात शेण घालतील."

वहिनीने ऐकून घेतलं आणि पाटी तशीच ठेवली. तिचा हिशेब सरळ होता. खड्डा अडला, वेळ गेला, त्याचे पैसे. त्यापलीकडे त्यात काही असेल, असं तिच्याही मनात आलं नव्हतं.

नवल म्हणजे लोकांनी पैसे दिले. कुरकुरत का होईना, दिले. गल्ल्याने जरा बाळसं धरलं. भाऊजी मात्र पगारातून पुन्हा पुन्हा उचल मागायला लागले. विडी नाही, पत्ते नाहीत, मग या बाबाचे पैसे जातात कुठे, हे तिला कळेना.

ते कळलं ड्रायव्हरकाकांमुळे. किडनीच्या पेशंटांना घाटापलीकडच्या इस्पितळात नेण्या-आणण्याचं त्यांचं काम. आदल्याच दिवशी भाऊजींनी त्यांची गाडी बघून काही नाही म्हणून सांगितलं होतं. सकाळी काका परत आले आणि त्यांनी काउंटरवर नोटा ठेवल्या. काल दिले होते तेवढेच पैसे डॅशबोर्डच्या कप्प्यात सापडले, म्हणाले.

वहिनीने भाऊजींकडे बघितलं. भाऊजी पाना पुसायला लागले.

तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हा माणूस गिऱ्हाइकाने दिलेले पैसे गल्ल्यात पडू द्यायचा आणि तेवढेच स्वतःच्या खिशातून गुपचूप गाडीत परत ठेवायचा. घरचा गल्ला भरतोय असं ती समजत होती, आणि तो दिराच्या पगारातूनच भरत होता. तिचं डोकं सणकलं. गॅरेज बुडवायला निघालेला माणूस इतका भला असावा, याचाच तिला जास्त राग आला.

ती तोंड उघडणार, तोच काका बोलले. आवाज अजिबात चढवला नाही त्यांनी.

"पैसे दिसले आणि मला वाटलं, यांनी नीट बघितलंच नसणार. नाहीतर परत कशाला ठेवतील? रात्रभर डोळ्याला डोळा नाही. आज गाडीत पेशंट बसायचे आहेत आणि पुढे घाटाचा उतार आहे. पुन्हा बघा, आणि पैसे ठेवून घ्या."

भाऊजींच्या हातातलं फडकं थांबलं. गाडी खड्ड्यावर घेऊन ते खाली उतरले. वायरचा दिवा धरायला कोणी नव्हतं, म्हणून वहिनी पदर खोचून मागोमाग उतरली. इतकी वर्षं गॅरेजवर पोट चाललं, पण गाडीची खालची बाजू तिने कधी पाहिली नव्हती.

डोक्यावर सबंध गाडी होती. वाळका चिखल, तेलाचे डाग, आणि पुढून मागे गेलेली करंगळीपेक्षा बारीक नळी. ब्रेकचं तेल हिच्यातून जातं, भाऊजी म्हणाले, उतारावर गाडी थांबते ती हिच्या जिवावर. मग वहिनी शेजारी आहे हे ते विसरलेच. डोळे मिटून त्यांनी नळीवरून बोट फिरवत नेलं. जोड आला की थांबायचं, बोटाचा वास घ्यायचा, जोड फडक्याने कोरडा करायचा, पुन्हा बोट लावायचं. एका ठिकाणी दगडाचा ओरखडा होता. तान्ह्या बाळाचं अंग पुसावं तसा त्यांनी तो पुसला आणि दिवा जवळ घ्यायला लावून कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिले.

वहिनीने मान वर केली. आपण उभे आहोत त्याच्या बरोबर वर आज कोणीतरी आजारी माणूस बसणार, खिडकीतून बाहेर बघणार, आणि आपला जीव या बोटाच्या भरवशावर आहे हे त्याला कधी कळणारही नाही. ती खड्ड्याचं भाडं लावून बसली होती. विकलं काय जात होतं, ते तिला आत्ता दिसलं, आणि दिव्याची वायर तिने दोन्ही हातांनी धरली.

भाऊजी वर आले. या वेळी त्यांनी काकांच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "काही नाही. बिनघोर न्या."

काकांनी कालचे आणि आजचे असे दोन्ही पैसे पुढे केले. वहिनीने मुद्दाम हात पुढे केला नाही. भाऊजींनी हात पुसले, पैसे घेतले आणि स्वतः गल्ल्यात टाकले.

पण एका दिवसात कोणाचा स्वभाव बदलतो? टायरवाल्याला उद्या उत्तर द्यायचं होतं. संध्याकाळी वहिनीने आपली स्कूटर भाऊजींपुढे उभी केली.

"भाऊजी, जरा बघता का?" असं म्हणून तिने पर्समधून पैसे काढून गल्ल्यात टाकले.

"घरच्या माणसाकडून?" भाऊजी कळवळून म्हणाले.

"घरची माणसं काय पडत नाहीत?"

भाऊजींनी पाना घेतला. शटर ओढायची वेळ होईपर्यंत ते स्कूटरपाशी बसून होते. मग उठून म्हणाले, काही नाही, बिनघोर जा.

घरी पोचल्यावर वहिनीने दारातच डिकी उघडली. रेनकोट काढला, गाडीचे कागद काढले, कोपऱ्यापर्यंत हात घालून चाचपलं. एक रुपया नव्हता. ती तिथेच हसायला लागली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

मग तिने टायरवाल्याला फोन लावला. जागा मिळायची नाही, गॅरेज चालू राहणार. नक्की का, त्याने विचारलं.

"नक्की," ती म्हणाली. "आत्ताच बघितलं."