सात नंबर, रुंद

सात... आणि त्याच्या शेजारी, छपाई पुसट झालेली तरी वाचता येतील अशी अक्षरे — महिला, रुंद. पाकिटावर चिकटवलेल्या चिठ्ठीचा एक कोपरा सुटला होता. त्याने तो अंगठ्याने दाबून बसवला, अंगठा काढताच तो पुन्हा वर आला. वरच्या ओळीत नाव होते, नावाखाली पत्ता. पत्ता वाचताना आधी एवढेच वाटले की हा रस्ता, ही इमारत, हा तिसरा मजला कुठेतरी पाहिलेला आहे. पत्ता त्याच्याच घराचा होता. नाव बायकोचे.

"स्कॅन होत नाहीये का?" साडेदहाने विचारले.

"होतंय, होतंय."

साडेदहा म्हणजे पार्सले आणणारा. पूर्वी शेजारच्या गाळ्यात त्याचे घड्याळदुरुस्तीचे दुकान होते. ते बंद पडले, आणि आता रोज काटा साडेदहावर आला की तो गोणी घेऊन दारात हजर, म्हणून अख्ख्या रस्त्याने त्याचे नाव तेच ठेवले होते. डोळ्याला भिंग लावून केसाएवढी स्प्रिंग बसवणारी त्याची बोटे आता गोणीची गाठ सोडत होती.

"ते घरपोच होतं," साडेदहा गोणीत बघत म्हणाला. "काल दोनदा जिना चढलो. वहिनी घरी नव्हत्या, दाराला कुलूप. दोन खेपा फुकट गेल्या की जवळच्या काउंटरवर टाकायचं असा नियम आहे. तुझ्याचकडे यायचं होतं बघ."

म्हणजे याला माहीत आहे. पाकिटाचा आकार बघून, हलवून, आत काय आहे हेही याने ओळखले असणार. चपलांचे दुकान, तीस वर्षांचे, आणि दुकानदाराची बायको चपला मागवते मोबाईलवरून. साडेदहा हसला असता तर बरे झाले असते. तो हसला नाही. खाली बघत त्याने रिकामी गोणी घडी केली आणि नेहमीपेक्षा जरा घाईनेच गेला.

पार्सलांचे हे काउंटर त्याने मुलीच्या सांगण्यावरून सुरू केले होते. ती लांबच्या शहरात, फोनवर म्हणाली होती, "बाबा, गिऱ्हाईक तसंही येत नाहीये. पार्सलं ठेवायला घ्या, निदान माणसं तरी आत येतील." माणसे आली. दारातून सरळ काउंटरपाशी, कोड सांगायचा, खोके घ्यायचे, जाताना दोन्ही भिंतींवर छतापर्यंत रचलेल्या जोडांकडे पाठ. मागच्या आठवड्यात शाळेतल्या एका बाईंनी तीन जोड घालून पाहिले, आरशासमोर चार पावले चालल्या, चौथा उलटा करून तळावरचा मॉडेल नंबर मोबाईलमध्ये टिपून घेतला. 'विचार करून सांगते हं' म्हणाल्या. आज त्यांचे खोके याच गोणीतून आले होते. तेव्हा त्याला राग आला होता, आताही आला. हा राग त्याला सवयीचा झाला होता... सकाळी शटर वर ढकलताना तो हाताला जोर देई, दुपारी डबा खाताना समोर बसे. कोणीतरी माझे दुकान खाते आहे, ज्याला तोंड नाही असे कोणीतरी, एवढे मनाशी म्हटले की दिवस निभून जाई.

पण सात? तिचा पाय पाच नंबरचा.

हे त्याला कोणी सांगायला नको होते. वडिलांनी शिकवलेच होते, आत येणाऱ्याच्या तोंडाआधी पाय बघायचा. लग्न ठरवायला तिच्या घरी गेले तेव्हा सगळे तिच्या शिक्षणाबद्दल विचारत होते आणि याने मान खाली घालून, लाजल्यासारखे दाखवत, तिचा पाय बघून ठेवला होता... पाच, पंजा निमुळता, टाच लहान. मग दर वर्षी नवा माल आला की आधी तिचा जोड बाजूला निघे. नाजूक पट्ट्यांचा, पुढे निमुळता. ती घालून दोन पावले चाले आणि म्हणे, "छान आहेत." तीस वर्षे छान आहेत.

दुपारपर्यंत सात जण आले. कोड, खोके, पुढचा. पाकीट त्याने काउंटरखाली, पायापाशी ठेवले होते, आणि मध्येच वाकून तो ते बघत होता, जसे काही तेवढ्यात आकडा बदलला असेल. रुंद... पाय रुंद होतो, वय झाले की पसरतो, अंगठ्याच्या मुळाचे हाड बाहेर येते, हे तो गिऱ्हाइकांना स्वतः समजावून सांगत असे. 'काकू, आता जुना नंबर विसरा, पायाचं ऐका,' असे म्हणून त्याने किती जणींना हसवले होते. आणि घरी? घरात ती चपलेची मागची पट्टी दुमडून, त्यावर टाच ठेवून फरफटत चालायची. तो चिडायचा. "मागची बाजू मोडतेस. चांगल्या जोडाची वाट लावतेस." भाचीच्या लग्नात ती जेवणाच्या टेबलाखाली अनवाणी बसली होती. "घाल की पायात, लोक बघतात." "गार वाटतं जमिनीवर," ती म्हणाली होती. जिन्यात दुसऱ्या मजल्यावर ती थांबते, कठड्याला धरून... दम लागतो तिला, असे तो सगळ्यांना सांगत आला होता. दम. तिने कधी म्हटले होते दम लागतो म्हणून? की मीच ठरवले?

त्याने मोबाईल उघडला. तिच्या पार्सलापुढे दोनच खुणा होत्या — 'दिले' आणि 'ग्राहकाने नाकारले'. दुसरी दाबली की संध्याकाळी ते परत गोणीत. मग आज रात्रीच आपण तिला म्हणू, चल, दुकानात चल, माप घेतो... पण दुकानात सात रुंद नव्हतेच. कधी मागवलेच नव्हते. अंगठा काचेवर नुसता फिरत राहिला.

"आलंय का हो इकडे?"

ती दारात उभी होती. हातात पिशवी, चेहरा घामेजलेला. दुकानात ती सहसा येत नसे. आता कपाटांमधून चालत काउंटरपाशी आली, आणि बाकीचे सगळे जिथे उभे राहतात तिथेच उभी राहिली.

"मेसेज आला. नेमकं आपल्याच काउंटरला पाठवलंय म्हणून." ती कसनुशी हसली. "तुम्हाला कळू द्यायचं नव्हतं असं नाही..."

"कोड सांग," तो म्हणाला. असे का म्हणालो हे त्याचे त्यालाच कळले नाही.

तिने पर्समधून चष्मा काढला आणि एकेक आकडा वाचून दाखवला. त्याने कोड मोबाईलमध्ये टाकला. 'दिले' ही खूण हिरवी झाली. पाकीट त्याने वर ठेवले, पण हात काढला नाही.

"काल कुठे होतीस?"

"डॉक्टरकडे. पायाचं दाखवायला. बोटं एकमेकांवर चढलीत म्हणाले. घट्ट घालू नका, नाहीतर कापावं लागेल."

"मला सांगितलं नाहीस."

"काय सांगायचं?"

"दुखतंय म्हणून. पाच होत नाही म्हणून."

तिने चष्मा पर्समध्ये परत ठेवला. "पहिल्या खेपेला सांगायला हवं होतं. तुम्ही एवढ्या कौतुकानं आणलेत... मग पुढच्या वर्षी वाटलं, आता काय सांगायचं. मग राहूनच गेलं. आणि अहो, दिवसभर तुम्ही जगाचे पाय हातात घेता. मला वाटलं, कधीतरी आपसूक दिसेल."

त्याने माप घ्यायचे स्टूल पायाने पुढे ओढले. "बस. मी घालून देतो."

"राहू द्या. जमतं मला."

बाकड्यावर बसून तिने पाकीट स्वतःच फाडले. करड्या रंगाचे, बोजड, पुढून चौकोनी बूट — असला माल तो दुकानाच्या दारातही उभा करत नसे. ती वाकली तेव्हा तिचा पाय त्याला दिसला. अंगठा आत वळलेला, हाडावर काळसर घट्टा, मधले बोट उचललेले. हा पाय कोणाचा आहे, असे क्षणभर वाटून गेले. तिने बूट चढवले, उभी राहिली. छान आहेत असे म्हणाली नाही. जुना जोड तिने पिशवीत घातला आणि, "येते, भाजी घ्यायचीय," म्हणून निघाली.

तो दारापर्यंत गेला. ती रस्त्याच्या कडेने चालली होती — भरभर. हात हलवत, एका सायकलवाल्याला चुकवून, कोणाला तरी मान हलवून उत्तर देत. लग्नानंतरच्या वर्षात ती अशी चालायची, याला मागून धावावे लागे. पुढे ती सावकाश झाली, तेव्हा त्याला वाटले होते, संसाराला लागली, स्वभाव निवळला. त्या सावकाशपणाचे त्याने मनातल्या मनात कौतुकही केले होते. ती कोपऱ्यावर वळली. त्याला बरे वाटले, आणि ते बरे वाटणे कुठे ठेवावे कळेना, कारण त्याच्या बुडाशी भीती होती... पाय तर मला कळतात. जे कळत नाही त्याचे काय?

आत येऊन त्याने फाटलेले पाकीट उचलले, चुरगाळले. आता राग यावा म्हणून तो थांबला. त्या बिनतोंडाच्या कंपनीचा, मोबाईलचा, शाळेतल्या बाईंचा. एरवी हाक मारायचा अवकाश की तो येई. त्याने सकाळची ती खोकी बघितली, बाईंचे नाव पुन्हा वाचले. काहीच झाले नाही. इतकी वर्षे जिला टेकून उभा होतो ती भिंत कोणीतरी हळूच काढून नेली होती, आणि पडायलाही होत नव्हते.

"हॅलो... कोड सांगू ना?" काउंटरपलीकडून कोणीतरी दुसऱ्यांदा विचारत होते.

"सांगा," तो म्हणाला. आकडे ऐकू आले, पण त्यांचा अर्थ लागेना.