उरलेल्या गोळ्या

स्टेंट बसवून तीस दिवस झाले की त्या पेशंटला फोन करायचा, हे माझं काम. हॉस्पिटलच्या तळमजल्यावरच्या बिनखिडकीच्या खोलीत बसून मी विचारते: छातीत दुखलं का, पुन्हा दाखल व्हावं लागलं का, गोळ्या चालू आहेत का. यातला शेवटचा प्रश्न म्हणजे निव्वळ डोकेदुखी. रक्त पातळ ठेवणारी गोळी मध्येच सोडली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन माणूस जाऊ शकतो, हे घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलेलं असतं. तरी "हो हो, अगदी वेळेवर घेतो" म्हणून खुशाल थापा मारतात. म्हणून मी आता तसं विचारतच नाही. "पाकीट आणा आणि उरलेल्या गोळ्या मोजून सांगा," म्हणते. लोक वैतागतात. वैतागू देत.

काल यादीत अकरावं नाव बाबाचं होतं. सकाळीच तो गच्चीवर पाण्याच्या मोटारीशी खुडबुड करताना दिसला होता, चांगला ठणठणीत. मी फोन न करताच सगळीकडे 'ठीक' लिहून मोकळी झाले.

संध्याकाळी घरी गेले तर आई म्हणाली, "उद्या दाढ काढायचीय यांची."

"बाबा, तुझ्या गोळ्यांचं पाकीट आण."

रोज एक अशा चाळीस दिल्या होत्या. दहा उरायला हव्या होत्या. निघाल्या अठरा.

"आठ दिवस बंद ठेवल्यात," बाबा शांतपणे म्हणाला. सगळा जन्म वायरिंगमध्ये काढलेला माणूस. "दाढेचं रक्त थांबलं नसतं. वायरीला हात लावायच्या आधी मेन स्विच बंद करायचा, एवढं कळतं मला."

"कुणाला विचारून? अरे, जीव गेला असता!" मी किंचाळलेच.

डॉक्टरांना फोन लावला. चार गोळ्या आत्ता एकदम, उद्या सकाळपासून रोज एक, दाढ पुढे ढकला, छातीत जरा जरी दुखलं तर लगेच घेऊन या. बाबाने तोंड फुगवून चारही गिळल्या.

"साऱ्या जगाला गोळ्या मोजायला लावतेस," तो म्हणाला. "मला विचारलंस कधी?"

इतका राग आला होता, आणि तो काढायला आता माझ्याशिवाय कुणी उरलंच नाही.

आज ऑफिसात आल्याआल्या बाबाचा फॉर्म काढला आणि कालचं 'ठीक' खोडलं. फोन लावला.

"हॅलो, हॉस्पिटलमधून बोलतेय. पाकीट आणा आणि उरलेल्या गोळ्या मोजून सांगा."

मला वाटलं, हसेल.

"थांबा हं मॅडम, चष्मा घेतो."

तो मोठ्याने मोजायला लागला. नऊवर गडबडला, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मी थांबले.

"तेरा."

तेराच हव्या होत्या. "बरोबर," म्हणाले आणि फॉर्मवर 'तेरा' लिहिलं.

"मॅडम," बाबा हळूच म्हणाला, "उद्यापण फोन कराल ना?"