दोन्ही तळपाय जमिनीला

"गाडी उंच झालीये," आई म्हणाली.

पन्नास वर्षांची मोटरसायकल. अगं, जुनी गाडी खचते, उंच होत नाही! माणूस मात्र सत्तरीत दोन इंच आटतो. हे मी तिला सांगितलं, तर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. पाण्याच्या मीटरचं रीडिंग घेत तीस वर्षं ती याच गाडीवर गल्लोगल्ली फिरली, त्यामुळे तिला आकडे कुणी शिकवायचे नाहीत. मी सीटची उंची मोजून दाखवली. होती तेवढीच. तर म्हणते, "मग तुझा टेप ताणलाय."

गेल्या महिन्यात फाटकापाशी थांबताना तिचा पाय पोचला नाही आणि ती गाडीसकट आडवी झाली. तेव्हापासून ताईने धोशा लावलाय, गाडी विका. शेवटी तिने रविवारी चारची मुदत दिली. आईचे दोन्ही तळपाय जमिनीला टेकले आणि तिने एक चक्कर मारून दाखवली तर गाडी राहील, नाहीतर सोमवारी गिऱ्हाईक येऊन घेऊन जाईल. घरात गॅरेजवाला मी एकटा, म्हणजे खापर माझ्याच डोक्यावर.

गाडी बुटकी करायची म्हणून मागचे शॉकअप काढायला गेलो तर नट गंजून बसलेले. तेल पाजलं, ठोकलं, शिव्या घातल्या, शेवटी एक बोल्ट तुटलाच. दुसऱ्या गाडीचे आखूड शॉकअप आणले, तर त्यांची भोकं मोठी. भोकं भरायला लेथवर बुश करून आणले. ते बसवले, तर गाडीचं तोंड वर. तोंड खाली आणायला पुढच्या चाकाचे पाइप क्लॅम्पमध्ये इंचभर वर सरकवले, तर आई बसल्याबरोबर चाक मडगार्डला घासलं. मडगार्ड वर घेतलं, तर बुटक्या गाडीला साइड स्टँड लांब पडला आणि गाडी माझ्याच पायावर कलंडली. एक सांधलं की तेरा तुटत होते. आई स्टुलावर बसून म्हणे, "घाई नको, पण उद्या रविवार आहे."

"मग तूच ये ना पाना घेऊन!" मी ओरडलो.

"मी केलं असतं तर परवाच झालं असतं."

रविवारी चारच्या ठोक्याला ताई हजर. आई गाडीवर बसली. दोन्ही तळपाय सपाट, टाचांसकट. ताईने वाकून टाचेखाली बोट घालून पाहिलं. बोट जाईना. मी मनात म्हटलं, जिंकलो बुवा.

"आता चालू कर," ताई म्हणाली.

आईने किक मारली. किक निम्म्यावर अडली. पुन्हा मारली. तिसऱ्या वेळी तिने सगळं अंग टाकलं, तरी किक खाली जाईना. आईला दम लागला. हँडल धरून ती तशीच बसून राहिली.

सकाळी हीच गाडी मी पहिल्या किकला चालू केली होती. आठवडाभर मी उंचीशी झगडलो, आणि तिच्या पायात जोर उरलाय का, हे एकदाही पाहिलं नाही. मला स्वतःचाच भयंकर राग आला.

"कार्ब्युरेटरमध्ये कचरा असेल," आई माझ्याकडे न बघता म्हणाली.

कार्ब्युरेटरमधल्या कचऱ्याने किक अडत नाही. हे आईला कळतं, मला कळतं, आणि या घरात वाढलेल्या ताईलाही कळतं.

"असेल," मी म्हणालो. "खोलून बघावं लागेल. दिवस जातील त्यात."

"मग उद्याचं ते गिऱ्हाईक?" आईने हळूच विचारलं.

"नको म्हणून कळवते त्याला," ताई म्हणाली. "बिघडलेली गाडी कुणाच्या गळ्यात कशी मारायची?"