बेपत्ता

मी गोष्ट चांगली वाचते, हे मला कुणी सांगायला नको होतं. साताऱ्याला ट्रेनिंगला असताना वाचनाची बक्षिसं मिळवलेली. नोकरी लागली कडेगावजवळच्या या गावात, आणि ऐकणाऱ्या मिळाल्या त्या गल्लीतल्या बायका. शनिवारची सकाळची शाळा सुटली की त्या माझ्या ओसरीवर जमायच्या. हात शेंगा फोडण्यात, कान माझ्याकडं.

हरणाबाई मात्र कधी यायची नाही. तिचा एकुलता एक सयाजी पलटणीत होता. एकाहत्तरच्या लढाईवर गेला, तो परत आला नाही. पलटणीचं पत्र मीच तिला वाचून दाखवलं होतं: बेपत्ता. तिनं शांतपणे विचारलं, "म्हंजे पत्ता हुकलाय व्हय?" मी पत्राची घडी घालून तिच्या हातात दिली. तेव्हापासून वर्षभर, भेटली की तिचं एकच, "बाई, घावला का त्येचा पत्ता?" मी म्हणायची, "अजून नाही." बाकीच्या बायका तिला पाहून वाट बदलायच्या. आहे म्हणावं तर खोटं, गेला म्हणावं तर जीभ रेटत नाही. बोलणार काय?

त्या शनिवारी मी दिवाळी अंकातली एका आईची गोष्ट वाचली. तिचा तरणा मुलगा जातो आणि गावातलं कुणी साधा कडू घासही घेऊन येत नाही. ती थंड चुलीपुढं एकटी बसून राहते. वाचताना माझेच डोळे वाहू लागले. अंबूबाई पदरात तोंड घालून रडली. राहीबाई तर भडकलीच, "मानसं हायत का जनावरं! मयताच्या घरात शेजारनीनं पिठलं-भाकरी न्ह्यायची न्हाई?"

मग अंबूबाई हळूच म्हणाली, "आपन तरी हरणाबाईकडं कवा गेलो?"

शेंगा तशाच पडून राहिल्या. तासाभरात पिठलं-भाकरी तयार झाली. सांगायला लाज वाटते, पण माझी छाती फुगली होती. कागदावरच्या बाईसाठी रडलेल्या या बायका खऱ्या बाईच्या दारी निघाल्या होत्या, आणि ते माझ्या वाचनामुळं! मीच पुढं झाले. कडू घास कधी नेतात, हे मला, एवढी बुकं शिकलेलीला, ठाऊक नव्हतं का? होतं.

हरणाबाई भाकऱ्या थापत होती. एक उतरून ठेवलेली, दुसरी तव्यावर. रोज दोघांपुरत्याच करायची. तिनं आधी आमच्या रडून लाल झालेल्या डोळ्यांकडं पाहिलं, मग अंबूबाईच्या हातातल्या झाकलेल्या टोपल्याकडं, मग माझ्याकडं.

"आवं बाई, कागद आला?"

"नाही हो हरणाबाई, कागद नाही आला. आम्ही आपली एक गोष्ट वाचली..." मी काय बोलत होते! तेवढ्यात राहीबाईनं तिला मिठी मारली आणि वर्षभर राहिलेला हंबरडा फोडला. त्यापुढं माझं कोण ऐकतंय?

हरणाबाई रडली नाही. तिनं तव्यावरची भाकरी काढली, चुलीतली लाकडं बाहेर ओढली आणि त्यांच्यावर तांब्यातलं पाणी ओतलं. मग आमच्या टोपल्यातल्या भाकरीचा तुकडा मोडून तोंडात घातला आणि कितीतरी वेळ चावत राहिली.

"घावला म्हना की पत्ता," ती म्हणाली.