नेसू तरी काय?

माझ्या कालिंदीला मास्तरणीच्या ट्रेनिंगला घ्यायचं की नाही, ते गिरगावातल्या राजलक्ष्मीबाईंच्या हातात होतं. संस्था त्यांची. त्यांनी निरोप धाडला, आईला घेऊन ये. झालं! आता मी नेसू काय?

तशी मी रोज लुगडंच नेसते, नऊवारी, पार घोट्यापर्यंत. ते काही उगाच नाही. गावाकडे आमच्या बायांनी लुगडं पोटरीखाली सोडलं की लोक अंगावर यायचे. बाबासाहेबांनी महाडला सांगितलं, नीट नेसा. माझ्या सासूने ऐकलं. मार खाल्ला, पण लुगडं वर घेतलं नाही.

आणि माझी लेक म्हणते, "आई, लुगडं नको गं. तिकडे आता कामवाल्याच नेसतात. तू गोल पातळ नेस."

घ्या! ज्याच्यापायी सासूने पाठ फोडून घेतली, ते आता कामवालीचं? कधी ठरलं हे? आम्हाला कुणी सांगायचं की नाही? पण पोरीच्या जन्माचा प्रश्न. गेले हिंदमाताला, आणलं पाचवारी. परळहून ट्रामने गिरगावात पोचेपर्यंत निऱ्या मुठीत धरून होते.

दार उघडलं ते रखमाने, त्यांच्या मोलकरणीने. तिच्या अंगावर लुगडं. "या बाईसाहेब," म्हणाली मला! मी मनात म्हटलं, माझी पोरगी हुशार हो.

आत गेले तर झोपाळ्यावर राजलक्ष्मीबाई, त्याही नऊवारीत! जरीकाठ, कासोटा, नाकात नथ. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं. मी कालिंदीकडे बघते, ती जमिनीकडे.

बाई वरपासून खालपर्यंत बघत म्हणाल्या, "अगं बाई, तुमच्यातही गोल नेसायला लागले? नऊवारी सोडू नका हो. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्याला आम्ही सगळ्या नऊवारीतच निघणार. मराठी बाईची शोभा ती! कालिंदीचं नाव घातलंय मी. पुढच्या महिन्यात पालकांची सभा आहे, तेव्हा छान नऊवारी नेसून या."

"हो बाई," म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

पोरीचं काम झालं, नाचायला हवं होतं. पण डोकं नुसतं भणभणत होतं. जिन्यातच मी कालिंदीचा हात धरला. "लुगडं बाईंचंही आणि रखमाचंही. मी नेसले तर कुणासारखी दिसेन गं? खरं सांग."

ती दोन पायऱ्या पुढे उतरली.

"आई, सभेला तू येऊ नकोस. आजारी आहे म्हणून सांगेन मी."