हिमालयाची हद्द

तातेरावांनी शाळेचा नकाशा कांताबाईंच्या पुढ्यात धरला आणि खरात गुरुजींना म्हणाले, "दाखवा हिला. कुठं संपतो त्यो हिमालय?"

वाटूरच्या शाळेत भूगोल शिकवणाऱ्या गुरुजींनी पट्टी टेकवली. "हे बघा वहिनी, शिवालिक. हिमालयाची शेवटची रांग. हरिद्वारला डोंगर सरला की सगळं मैदान. आपलं वाटूर पार खाली."

कांताबाई ज्वारी पाखडत राहिल्या.

बद्रीनाथच्या यात्रेला निघताना त्यांनी नेम धरला होता. हिमालय म्हणजे पार्वतीचं माहेर. तिथं असेतो तोंड उघडायचं नाही. गाडीने हरिद्वार सोडलं आणि त्या गप्प झाल्या. गाडी डोंगर उतरली, वाटूरला येऊन पंधरवडा लोटला, तरी बाई गप्पच. आधी तातेरावांना लॉटरी लागल्यासारखं वाटलं. आता ते स्वतःच बोलत आणि स्वतःच हुंकार भरत.

"वहिनी, नेम संपला की," गुरुजी म्हणाले. "आता काय हरकत?"

कांताबाईंनी सूप खाली ठेवलं, गुरुजींच्या हातातली पट्टी घेतली आणि शिवालिकवरून खाली ओढली. यमुना, नर्मदा, सातपुडा, अजिंठ्याचे डोंगर, सगळं ओलांडून ती वाटूरवर आपटली. मग नवऱ्याकडे पाहिलं.

तातेरावांनी मान खाली घातली.

"काय भानगड आहे?" गुरुजींनी विचारलं.

"भानगड कशाची! परतताना गाडीत हिचं गप बसणं बघून समदे हसून राह्यले व्हते. म्या आपलं गमतीनं म्हणलं..."

"काय म्हणालात?"

"म्हणलं, ह्यो हिमालय वाटूरपस्तोर पाहिजे व्हता. लई सुख झालं असतं."

गुरुजी नकाशा गुंडाळू लागले. "हे माझ्या विषयात येत नाही, तातेराव."

तातेराव उठले, पुन्हा बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"कांते, चुकलं माझं. हिमालय हरिद्वारलाच संपतो. त्याच्या खाली समदं राज्य तुझं. शिव्या दे, पर बोल. घर खायला उठून राह्यलंय."

कांताबाईंनी सूप उचललं. दोनदा पाखडलं.

"गुरुजी, च्या घेतल्याबिगर जायचं न्हाई," त्या म्हणाल्या. आवाज जरा बसला होता. मग नवऱ्याकडे वळल्या. "अन् तुमी! आता का गप? बोला की मंग!"