लाल नाकाच्या गोळ्या

वर्लिन हाउगेनला दारूच्या त्या नव्या डब्यातून काय काय मिळायचं होतं, ते आधी मांडून घेऊ. बंदुकीची दारू, पिण्याची त्याच्या घरात शिरत नाही. पहिलं म्हणजे, बायकोच्या रिव्हॉल्वरचा धक्का निम्म्यावर येणार होता. आर्डिसच्या उजव्या मनगटात संधिवात होता, आणि त्याच हातानं ती दर रविवारी आमच्या चर्चचा ऑर्गन वाजवायची. दुसरं, चिमटीएवढी दारू एका काडतुसाला पुरणार, म्हणजे डबा आमचा नॉर्थ डकोटाचा अख्खा हिवाळा काढणार. तिसरी जमा मात्र सगळ्यांत मोठी. मेहुण्याचं तोंड बंद होणार होतं.

मेहुणा लोवेल, आर्डिसचा भाऊ. स्वतः शिसं वितळवून जड, करड्या गोळ्या ओतणारा, आणि त्याहून जड बोलणारा.

"ही दारू घेऊ नकोस," लोवेलनं त्याला माझ्यादेखत सांगितलं होतं. "बारीक, घट्ट दाण्याची. काडतुसाच्या पुंगळीच्या पार तळाशी बसते. चुकून दोनदा पडली तरी जागा उरते, कळतसुद्धा नाही, आणि मग बंदूक हातातच फुटते. माझी बघ, कॉर्नफ्लेक्सच्या चुऱ्यासारखी फुगीर. दोनदा ओतली की टेबलभर सांडते. खास मूर्खांसाठी केलीय."

"म्हणूनच तू वापरतोस," वर्लिन म्हणाला, आणि बारीक दाण्याचा डबा उचलला. सोबत हलक्या गोळ्या घेतल्या, वर लाल मुलामा असलेल्या.

नेमबाजीच्या सामन्याच्या आदल्या गुरुवारी तो तळघरात काडतुसं भरत बसला. भरायच्या यंत्राचा दांडा खाली ओढला की दारूचं एक माप पुंगळीत पडतं. या कामात बोलायचं नाही, रेडिओ लावायचा नाही, हा आमच्याकडचा अगदी पोरासोरांनाही ठाऊक असलेला नेम. पण फोन वाजला. मायनॉटहून मेहुणी. आर्डिस घरी नाही, एवढंच सांगून वर्लिन परत आला, दांडा ओढला, गोळी बसवली, पुढची घेतली. चारपाच काडतुसं झाल्यावर त्यानं दांडा सोडला. फोन घ्यायला उठण्याआधी दांडा ओढला होता की नव्हता?

त्यानं सगळी काडतुसं तराजूवर घातली. उपयोग शून्य. पुंगळ्या मैदानावरून वेचलेल्या, दहा कारखान्यांच्या. त्यांच्याच वजनात इतका फरक, की जास्तीची चिमूट त्यात लपून जावी. आता उपाय एकच, एकेक काडतुसाची गोळी उपटून आतली दारू बघायची. गोळी उपटायचा खास हातोडा लोवेलकडे. हातोडा मागायचा म्हणजे चूक कबूल करायची. त्याऐवजी लोवेलचीच काडतुसं मागायची म्हणजे नुसतं कौतुक करायचं. वर्लिननं कौतुक निवडलं.

"आर्डिस म्हणते, तुझ्या गोळ्या सरळ जातात," तो लोवेलला म्हणाला.

"साठ वर्षांत पहिल्यांदाच म्हणाली. बरी आहे ना ती?" पण त्यानं आपल्या काडतुसांची डबी दिली.

लाल काडतुसांची डबी वर्लिननं पिकअपच्या सीटखाली ढकलली. बायकोला अवाक्षर सांगितलं नाही.

शनिवारी मी टायमर घेऊन आर्डिसच्या मागे उभा होतो. हा सामना जिंकला तर बक्षिसाचं चांदीचं बक्कल लागोपाठ तिसऱ्या वर्षी तिचं होणार होतं. सकाळी सरावात तिनं भावाची दोन काडतुसं उडवली होती आणि मनगट धरून गाडीकडे गेली होती. मला वाटलं, मलम लावायला गेली असेल.

पहिल्या सहा गोळ्या सुरेख लागल्या. तिनं रिकाम्या पुंगळ्या झटकल्या आणि कमरेचं, सहा काडतुसं एकदम भरायचं चक्र काढलं. ते वर्लिनला मागच्या दोरीपाशी उभं राहून दिसलं. सहाच्या सहा नाकं लाल.

"आर्डिस! थांब!"

कुणाच्या कानावर काय पडणार? सगळ्यांच्या कानांवर आवाज अडवणारी जाड झापडं. तिनं चक्र खाली सोडलं, रिव्हॉल्वर मिटलं, हात वर घेतला. मला बुटांखाली खडी वाजल्याचं जाणवलं तेवढ्यात वर्लिन दोरी ओलांडून माझ्या अंगावरून पुढे गेला होता. ऐकू येणं शक्य नाही म्हटल्यावर त्यानं दोन्ही हातांनी तिचं मनगट धरलं, दुखरं तेच, आणि नळी जमिनीकडे दाबली. तिचं बोट चापावर होतं. चाप दाबला गेला नाही. का, ते तीही सांगू शकत नाही.

"वेड लागलंय का तुला?" झापडं काढत ती ओरडली. "माझी फेरी!"

"ती काडतुसं सीटखाली होती!"

"हो, मग? लोवेलची गाढवासारखी लाथ मारतात. तुझी मऊ आहेत. माझ्यासाठीच केली होतीस ना?"

वर्लिननं तिथंच गुरुवारचं सगळं सांगून टाकलं. घरच्यानं नेमबाजाला हात लावला की फेरी बाद, हा आमचा नियम. मी तिच्या नावापुढे शून्य लिहिलं.

लोवेलनं हातोडा आणला. पिकअपच्या मागच्या फळीवर, वर्लिन एकेक काडतूस ठोकत गेला आणि आर्डिस दारू पांढऱ्या बशीत ओतत गेली. रिव्हॉल्वरमधून काढलेली सहा आधी. चौथ्याला बशीत पडलेला ढीग इतरांच्या दुप्पट होता. आर्डिसनं बोटानं तो ढीग जरा पसरला, उजव्या हाताच्या बोटानं.

"फोन कुणाचा होता?" तिनं एवढंच विचारलं, सगळं ऐकून झाल्यावर.

"तुझ्या बहिणीचा."

"काय म्हणत होती?"

"विचारलंच नाही."

लोवेलनं तोंड उघडलं. आर्डिसनं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं ते मिटलं.

तर हिशेब असा. बक्कल शेजारच्या काउंटीतल्या एका शिक्षिकेला गेलं. बारीक दारूचा डबा वर्लिननं बागेत पसरून पेटवून दिला. हिवाळा लोवेलच्या फुगीर दारूवर निघाला. लोवेलला "सांगितलं होतं" हे दोन शब्द गिळावे लागले आणि ते त्याला अजून पचलेले नाहीत. आणि वर्लिन? चूक त्याची, लपवणं त्याचं, त्याचं काहीच गेलं नाही. सगळं बिल आर्डिसनं भरलं. रविवारी तिनं ऑर्गन वाजवला, मनगटावर नवऱ्याच्या दहा बोटांचे निळे वळ घेऊन.